पॅरिसहून एका दिवसात जुनं गाव आणि आठवडी बाजार, दोन्ही कुठे बघता येतील?

डोळे मिटून प्रोव्हाँ गाठा, आणि तेही शनिवारी. गार द लेस्त स्टेशनवरून लाइन पी ची गाडी पकडायची. साधारण दीड तास लागतो. पॅरिस विभागाचा सर्व झोनचा दिवसाचा पास इथपर्यंत चालतो.

१२व्या-१३व्या शतकात शँपेन प्रांतातल्या मोठ्या जत्रा इथे भरायच्या. फ्लँडर्सचे कापडवाले, इटलीचे सावकार, सगळे इथे यायचे. २००१ पासून गाव जागतिक वारसा यादीत आहे.

आधी खालच्या गावातला बाजार करा, दुपारपर्यंत तो आवरतो. चीज, पाव, फळं घ्या आणि वर चढा. तटबंदीच्या कडेला गवतावर बसून खाण्यासारखं सुख नाही! मग सेझर बुरूज. शेवटचा जिना इतका अरुंद की वरून कुणी आलं तर भिंतीला चिकटूनच उभं राहावं लागतं. पण वर पोचल्यावर लाकडी पट्ट्यांची घरं आणि मागे पसरलेली शेतं, नजर हटत नाही.

गुलाबपाकळ्यांचा जॅम नक्की आणा. आपल्या गुलकंदाच्या जवळचा, पण पातळ आणि जरा आंबटसर. रस्ते दगडी आहेत, बूट चांगले घाला.