फेवरिट मुष्टियोद्ध्यांचा पार्ले केल्याने जोखीम कमी होते का?

एकेका फेवरिटवर (जिंकण्याची जास्त शक्यता मानलेल्या खेळाडूवर) मोठी रक्कम अडकवण्याऐवजी चार-पाच फेवरिटांचा पार्ले (सगळे जिंकले तरच पैसे देणारी एकत्रित पैज) करून लहान रकमेत जोखीम आटोक्यात ठेवता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा मार्ग चुकीचा आहे. याच मुद्द्यावर एका जिवलग मित्राशी माझा जुना वाद असल्यामुळे सविस्तर लिहितो.

1 जून 2019 रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझ यांची लढत होती. जॅरेल मिलर उत्तेजक चाचणीत सापडल्याने रुईझला बदली म्हणून उभे केले होते आणि जोशुआचा भाव 1.04 च्या आसपास होता, म्हणजे तो जिंकल्यास शंभर रुपयांचे मूळ रकमेसह 104 रुपये परत मिळणार होते. मित्राच्या पार्लेमधले आधीचे सर्व फेवरिट जिंकले होते, फक्त जोशुआ उरला होता. पैसे लावतानाच मी त्याला म्हटले होते की जोशुआला वगळ, कारण त्याच्यामुळे हाती येणारी रक्कम जेमतेम चार टक्क्यांनी वाढते, पण तो हरला तर बाकी सगळ्यांचे विजय मातीमोल होतात. 'यातला सर्वांत खात्रीचा तोच आहे,' हे त्याचे उत्तर. तिसऱ्या फेरीत जोशुआने रुईझला पाडले, तेव्हा मित्राने मला मोठ्या उत्साहाने फोनही केला. त्याच फेरीत रुईझने जोशुआला दोनदा खाली पाडले, सातव्या फेरीत आणखी दोनदा, आणि पंचांनी लढत थांबवली.

मित्र आजही याला नशिबाचा खेळ म्हणतो, ते मला मुळीच मान्य नाही. 1990 मध्ये टोकियोत 42 ला 1 भावाच्या (एका रुपयावर 42 रुपये नफा) बस्टर डग्लसने माइक टायसनला हरवले होते आणि 2001 मध्ये हसीम रहमानने लेनॉक्स लुईसला पाचव्या फेरीत बाद केले होते. हेवीवेट या सर्वांत वजनदार गटात एक ठोसा पुरतो, त्यामुळे जितके अधिक फेवरिट एकत्र गुंफाल, तितकी अशा रात्रीशी गाठ पडण्याची शक्यता वाढते.

हिशेबही हेच सांगतो. 1.10 भावाचे पाच फेवरिट जोडले की एकूण भाव 1.61 होतो, म्हणजे पाचही जण जिंकण्याची शक्यता किमान 62 टक्के असेल तरच हा व्यवहार परवडतो. प्रत्येकाची खरी शक्यता 88 टक्के धरली, तर पाचांची मिळून ती 53 टक्क्यांवर येते. एकेकट्या पैजेत जो सरासरी तोटा तीन टक्क्यांच्या आसपास असतो, तो पार्लेत पंधरा टक्क्यांवर जातो.

अर्थात, आपला अंदाज बाजारभावापेक्षा खरोखर अचूक असेल, तर पार्लेत फायदाही असाच गुणला जातो, हे मान्य करायला हवे. बरोबरीचा भाव वेगळा दिलेला असेल तर बरोबरी झाल्यावरही पैज बुडते, हेही आधी तपासावे. 2017 मधली कॅनेलो अल्वारेझ आणि गोलोव्हकिन यांची पहिली लढत बरोबरीतच सुटली होती.

पार्ले आधीच केला असेल आणि एकच लढत उरली असेल, तर प्रतिस्पर्ध्यावर थोडी रक्कम लावावी. मित्र याला भित्रेपणा म्हणतो. रुईझवर दहापटींहून अधिक भाव मिळत होता. पार्लेत लावलेल्या मूळ रकमेचा दहावा हिस्सा त्याच्यावर लावला असता, तरी ती संपूर्ण मूळ रक्कम परत आली असती.