अंगात १०२ ताप असताना थंडी का वाजते?

तुमचे प्रश्न दोन आहेत. १०२ ताप असताना दोन दुलया घेऊनही हुडहुडी का भरते, आणि मुळात शरीराला तापमान कळतं कसं. दुसरा आधी घेऊ, पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

कातडीला हवेचं किंवा वस्तूचं तापमान कळत नाही. तिला स्वतःचं तापमान कळतं, आणि ते किती वेगाने बदलतंय हे त्याहून जास्त कळतं. डिसेंबरात पुण्यात पहाटे अनवाणी उठून बघा. शहाबादी फरशी आणि तिच्यावरची सतरंजी रात्रभर एकाच खोलीत होत्या, म्हणजे दोन्हींचं तापमान जवळपास सारखंच. तरी फरशी पायाला झोंबते, कारण ती तळपायातली उष्णता भराभर ओढून घेते. सतरंजीला ते जमत नाही.

घरी करून बघायचं असेल तर तीन पातेली घ्या. एकात फ्रिजचं पाणी मिसळून गार केलेलं पाणी, एकात सोसेल इतकं कोमट, मधल्यात साधं नळाचं. एक हात गारात, एक कोमटात मिनिटभर ठेवा आणि मग दोन्ही मधल्या पातेल्यात घाला. एक हात म्हणेल पाणी ऊन आहे, दुसरा म्हणेल गार. नुकतीच गार पाण्यात भांडी घासून आलेल्या हाताने मुलाचं कपाळ बघितलं की ताप नसताना ताप वाटतो, तो यामुळेच.

आता यंत्रणा. कातडीत मज्जातंतूंची उघडी टोकं असतात आणि त्यांच्या आवरणात प्रथिनांची बारीक दारं. ठरावीक तापमानाला दार उघडतं, सोडियम-कॅल्शियम आत शिरतं आणि संदेश मेंदूकडे निघतो. टीआरपीव्ही-१ हे दार साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उघडतं. टीआरपीएम-८ साधारण २५ अंशांच्या खाली. पहिलं १९९७ मध्ये सापडलं, दुसरं २००२ मध्ये. या कामात असलेल्या डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना तापमान आणि स्पर्शाच्या संवेदकांसाठी २०२१ चं नोबेल मिळालं. गंमत अशी की मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ ला थेट उघडतं आणि मेंथॉल टीआरपीएम-८ ला. म्हणून झणझणीत मिसळीने तोंड ‘भाजतं’ आणि पेपरमिंटची गोळी ‘गार’ लागते, तापमान तेच असलं तरी. (मिसळीवर पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दही घ्या.)

ही झाली बाहेरची बातमी. निर्णय होतो मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये. तिथल्या पेशी स्वतःजवळून वाहणाऱ्या रक्ताचं तापमानही बघतात आणि ते ३७ अंशांच्या, म्हणजे ९८.६ फॅरेनहाइटच्या आसपास राखतात. जंतुसंसर्ग झाला की प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार होतं आणि हे ठरलेलं तापमानच वर सरकतं, गिझरचा काटा कुणीतरी पुढे फिरवावा तसं. समजा ते १०३ वर गेलं. आता १०२ चं रक्तही हायपोथॅलॅमसच्या हिशेबाने ‘थंड’. मग तो हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतो आणि स्नायूंना कापायला लावतो. पोट तापलेलं आणि तळवे गार, हे चित्र दिसतं ते त्यामुळे.

म्हणजे थंडी वाजतेय तोवर ताप अजून चढतोय. म्हणून अर्ध्या तासाने परत मोजा. काखेत मोजताना काख कोरडी हवी, हात अंगाला घट्ट दाबलेला हवा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंश फॅरेनहाइटने कमी येतो. तोंडात मोजणार असाल तर चहानंतर अर्धा तास थांबा.

हुडहुडी असताना एक पांघरूण पुरे, ती थांबली की तेही काढा. बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या मात्र नकोत. त्यांनी कातडीतल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात, कापरं वाढतं. पुसायचंच तर कोमट पाण्याने. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, काटा मागे येतो, मग दरदरून घाम फुटतो. दोन गोळ्यांत चार ते सहा तासांचं अंतर ठेवा, मुलांना डोस वजनावरच. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळा आणि रक्त तपासून घ्या.

एक गल्लत जिवावर बेतू शकते. एप्रिल-मे मध्ये पुण्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हात काम करणाऱ्याचं अंग तापतं, ते या तापासारखं नाही. तिथे काटा जागेवरच असतो, फक्त उष्णता बाहेर टाकायची सोय कमी पडते. त्यामुळे पॅरासिटामॉलचा काही उपयोग होत नाही. अंग १०४ च्या घरात आणि माणूस बरळतोय किंवा कोसळलाय, तर तो उष्माघात. १०८ ला फोन लावा, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि पंख्याचा वारा घाला. इथे गार पाणीच औषध आहे. पूर्ण शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल.