काड्यांनी जमते, मग वहीत का चुकते?

वाचकांचे प्रश्न : घरातले आणि वर्गातले गणित

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. ५२ − २७ चे उत्तर ती ३५ लिहिते. ‘दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक उसना घे’ हे कितीदा तरी सांगून झाले. काड्या दिल्या की बरोबर करते, वहीत पुन्हा ३५. काय करावे?

उत्तर : हे ३५ कुठून आले ते आधी पाहा. पाचातून दोन गेले, तीन राहिले. सातातून दोन गेले, पाच राहिले. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम तिने स्वतःच बसवला आहे. हा धांदरटपणा नव्हे. वहीतले ५२ तिला एक संख्या म्हणून दिसतच नाही, शेजारी शेजारी बसलेले ५ आणि २ दिसतात. ‘एक उसना घे’ या वाक्याने गोंधळ वाढतो. घेतो ते एक नसतात, दहा असतात. शिवाय उसने घेतलेले परत करायचे असते, इथे परत काहीच जात नाही. ‘एक दशक सोडव’ म्हणा.

काड्या एका दिवशी आणि वही दुसऱ्या दिवशी, असे बहुतेक घरांत होते. दोन्ही एकाच बैठकीत, एकेका पायरीला सोबत चालले पाहिजेत. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे रबरबँड लावून करा, दोन काड्या सुट्या ठेवा. वहीत ५२ लिहिले की समोर ५२ काड्या. सात सुट्या काढायच्या आहेत, पण सुट्या दोनच आहेत. तिने स्वतः एका गठ्ठ्याचे रबर काढायचे, दहा काड्या सुट्या दोनांत मिसळायच्या आणि लगेच पेन्सिल हातात घेऊन ५ वर काट मारून ४, २ वर काट मारून १२ लिहायचे. इथे थांबून विचारा, ‘आता एकूण काड्या किती?’ ती पहिल्यापासून मोजू लागली, तर मोजू द्या. ५२ च भरतात हे तिच्या हाताला कळणे हाच या वजाबाकीचा गाभा आहे. मग बारातून सात काढल्या, पाच उरल्या, ५ लिहा. चारातून दोन गठ्ठे काढले, दोन उरले, २ लिहा. २५.

इथे चुका ठरलेल्या होतात. मुले ५२ काड्या मांडतात आणि शेजारी २७ काड्याही वेगळ्या मांडतात. समोर ७९ काड्या आल्या की वजा कशातून करायचे तेच हरवते. काढायच्या काड्या मांडायच्या नसतात, असलेल्यांतूनच उचलायच्या असतात. दुसरी चूक मोठ्यांची : वेळ वाचावा म्हणून रबर आपणच सोडतो. हे जमले की काही दिवस काड्यांऐवजी चित्र काढू द्या, दशकाला उभी रेघ आणि सुट्याला ठिपका. मग नुसते अंक.

पुढे ३०४ − १५८ आली की दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा करून ठेवा. सुटे गठ्ठे एकही नसल्याने आधी शेकडा सोडवावा लागतो. त्याचे दहा गठ्ठे होतात, त्यांतला एक पुन्हा सोडवला की गठ्ठे उरतात नऊ. शून्याच्या डोक्यावर ९ का येतो, हे पाठ करावे लागत नाही. उत्तर १४६.

प्रश्न : मुलगा ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहितो आणि ‘एकोणतीस’ ऐकून ३९. त्याला अंक ओळखता येत नाहीत का?

उत्तर : येतात. तो शब्द नीट ऐकतो, म्हणूनच चुकतो. मराठीत सुटे आधी बोलले जातात, लिहिताना मात्र दशक आधी येते. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात, पण लिहायचे वीस आणि नऊ. दहा-दहा मण्यांच्या तीन ओळी मांडा, तीस म्हणवून घ्या आणि शेवटचा मणी त्यालाच उचलू द्या : तिसाला एक उणा, एकोणतीस. पूर्ण ओळी दोनच उरल्या, हे डोळ्यांना दिसते. लिहिताना पहिला अंक ‘पूर्ण ओळी किती?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहू द्या.

प्रश्न : पाचवीतली मुलगी १/२ + १/३ = २/५ करते. छेद समान करायला शिकवले, पण दोन दिवसांत विसरते.

उत्तर : रीत विसरली तरी चालेल, पण २/५ हे उत्तर तिला खटकले पाहिजे. कागदाची २४ सेंटिमीटरची पट्टी कापा. तिचा अर्धा भाग १२ सेंटिमीटर, तिसरा हिस्सा ८. दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून ठेवले की २० भरतात. पूर्ण पट्टीचे निम्मे १२, आणि २/५ म्हणजे तर साडेनवाच्या आसपास. बेरीज अर्ध्यापेक्षाही कमी कशी, हे तिलाच विचारा. मग ४ सेंटिमीटरचे तुकडे करा : अर्ध्यात तीन, तिसऱ्या हिश्श्यात दोन, पूर्ण पट्टीत सहा. ५/६. छेद समान करणे म्हणजे दोघांनाही पुरेल असा तुकडा शोधणे. तुकडे वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्यांतून कापले तर सगळेच फसते, तेवढे सांभाळा.

प्रश्न : चौथीला शिकवते. ९:४० ते ११:१५ किती वेळ, तर बरीच मुले १ तास ७५ मिनिटे सांगतात.

उत्तर : १११५ मधून ९४० वजा केले की १७५ येतात, म्हणजे शंभराचा तास धरला गेला. इथे उभी मांडणी बाजूला ठेवा. फळ्यावर आडवी रेघ ओढून उड्या मारू द्या : ९:४० ते १०:०० वीस मिनिटे, ११:०० पर्यंत एक तास, पुढे पंधरा. १ तास ३५ मिनिटे. वर्गाच्या वेळापत्रकातल्या खऱ्या वेळा घ्या आणि गणिताआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या, ‘दोन तासांपेक्षा कमी की जास्त?’ आणि ७५ मिनिटे लिहिणाऱ्याला घड्याळात ७५ कुठे आहेत ते दाखवायला सांगा.