साठी जवळ आली. चांगली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची तर अमेरिकन स्ट्रॅट घ्यावी की लेस पॉल?

तुम्ही लिहिलंय ते असं: वय ५८, राहणार इंदिरानगर, नाशिक, वीस वर्षं घरच्या घरी वाजवता. जवळ स्ट्रॅटच्या घाटाची एक साधी गिटार आणि आवाज वाढवणारा दहा वॅटचा अ‍ॅम्प. सकाळी डावी तर्जनी ताठरलेली असते. निवृत्तीच्या पैशांतून अडीच लाख बाजूला काढलेत, पण फेंडरची अमेरिकन स्ट्रॅटोकास्टर घ्यावी की गिब्सनची लेस पॉल, हे ठरत नाही. आणि शेवटी दबक्या आवाजात, "या वयात हे शोभतं का?"

शेवटच्या प्रश्नाच्या नादी मी लागणार नाही. याच पैशांचा सोफा घेतला असता तर कोणी तोंड उघडलं नसतं.

मी ६३ वर्षांचा. सातपूरला कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे बनवण्यात आयुष्य गेलं, गिटार मात्र त्याच्याही आधीची. गणपती मंडळाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो, तीही मंडळाची गिव्हसन (गिब्सन नव्हे, आपल्याकडची साधी गिटार). स्वतःची अशी भारी गिटार निवृत्तीनंतरच घेतली, आणि तुमच्यासारखीच मनात ठरवून घेतली होती: तरुणपणी कॅसेटच्या कव्हरवर पाहिलेली लेस पॉल. एका बाजूने कापलेली बॉडी, जाड महोगनी, वर चकचकीत मेपल. दूधवालासुद्धा दारातून वाकून बघायचा. घरी आणून वजन केलं तर ४ किलो ६०० ग्रॅम. पहिला आठवडा उत्साहात गेला. तिसऱ्या आठवड्यात डावा खांदा भरून यायला लागला. तीन महिन्यांत गिटार कपाटामागे, आणि दीड वर्षाने पुण्याच्या एका मुलाच्या हातात. चांगलाच फटका बसला. त्या मुलाकडे ती झकास वाजते, म्हणजे गिटारीत खोट नव्हती. मी ती डोळ्यांनी घेतली होती.

तेव्हापासून मी एकच माप धरून आहे: सलग चाळीस मिनिटं वाजवल्यावर हात, खांदा आणि कंबर काय सांगतात. नाव, रंग, लाकूड त्यानंतर. दुकानात पाच मिनिटं वाजवली तर लाखाच्या वरची प्रत्येक गिटार गोडच लागते.

आधी तर्जनीचं बघू, कारण तिथे जवळजवळ फुकटात काम होण्यासारखं आहे. (बोट वाकवल्यावर अडकत असेल आणि मग टचकन सुटत असेल, तर गिटारीच्या दुकानाआधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.) स्ट्रॅटची स्केल, म्हणजे नटपासून (डोक्याकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा टेकू) तारेचा वाजणारा भाग, २५.५ इंच. मिलिमीटरमध्ये ६४८. लेस पॉलची २४.७५ इंच, साधारण ६२९. त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. हिशेब केला की लेस पॉलवर ताण सुमारे ६ टक्के कमी येतो. आता तुमच्या आहे त्या गिटारीवर १० चा संच (पहिली तार ०.०१० इंच जाडीची) असेल तर तो काढून ९ चा लावा. पहिल्या साध्या तारेचा ताण १९ टक्क्यांनी उतरतो. वर सगळी गिटार अर्ध्या सुराने खाली लावली तर आणखी ११ टक्के. म्हणजे लेस पॉल जेवढा आराम देईल त्याच्या तिप्पट आराम हजार रुपयांच्या आतला तारांचा पुडा देतो. पंधरा दिवस हे करून बघा. तरीही तर्जनी कुरकुरली तर छोट्या स्केलकडे वळा. पीआरएस या तिसऱ्या कंपनीच्या बहुतेक गिटारींची स्केल २५ इंच, दोघींच्या मधली, हेही लक्षात असू द्या.

दुसरं म्हणजे नेक, गिटारीची मान. सगळे सांगतील, वय झालं, पातळ नेक घ्या. मला उलटा अनुभव आला. पातळ नेकवर तळहाताला टेकायला काही मिळत नाही, मग अंगठा मागून चिमटा काढल्यासारखा दाबत राहतो, आणि बॅरे कॉर्डला (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) अंगठ्याचं मूळ ठणकायला लागतं. भरीव, गोलसर नेक हातात बसतो, पकड आपोआप सैल होते. तुमचा हात वेगळा असू शकतो, म्हणून दोन्ही धरून बघायला हवं. लेस पॉल स्टँडर्डमध्ये हे सोपं आहे: फिफ्टीज म्हणून मिळते तिचा नेक जाड आणि सिक्स्टीजचा पातळ, बाकी दोघी बहिणी. फेंडरमध्ये फिंगरबोर्डची, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीची, गोलाईही बघा. जुन्या धर्तीच्या मॉडेलांवर ती ७.२५ इंच त्रिज्येची असते, कॉर्डला छान पण वरच्या फ्रेटवर (फिंगरबोर्डवरची धातूची आडवी कड) तार ओढली की सूर गुदमरतो. हल्लीच्या बहुतेकांवर ९.५, गिब्सनवर १२.

वजनासाठी प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा खिशात घेऊन जा. दुकानदार हसला तर हसू द्या. एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत अर्ध्या किलोचा फरक निघतो, लाकूडच तसं. बसून वाजवणार असाल तरी साडेतीन-पावणेचारच्या वर जाऊ नका. लेस पॉलच्या काही मॉडेलांत आतून लाकूड कोरून वजन कमी केलेलं असतं, त्या जरूर बघा.

आता जे कोणी सांगत नाही ते: कान. आमची टूलरूम प्रेस शॉपला लागून होती. निवृत्तीनंतर तपासणी केली तेव्हा आलेखावर ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा. मोठ्या आवाजात राहिलेल्या कानांना हा खड्डा तिथेच पडतो, आणि वयाने वरचे सूर सगळ्यांचेच मंदावतात. इलेक्ट्रिक गिटारची धार नेमकी त्याच पट्ट्यात असते. त्यामुळे मला प्रत्येक गिटार बोथट वाटायची, मी ट्रेबल वाढवत जायचो, आणि पुतण्या एक दिवस म्हणाला, "काका, कानात सुई टोचल्यासारखं वाजतंय." मी हजारोंचे पिकअप (तारांखालचे, आवाज टिपणारे चुंबक) बदलायच्या बेतात होतो! गिटार बघायला जाताना विशी-पंचविशीतलं कोणीतरी बरोबर न्या आणि टोनबाबत त्याचं ऐका. हाताबाबत मात्र स्वतःचंच.

अ‍ॅम्पचंही आत्ताच बोलून टाकू. इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात अ‍ॅम्प आणि त्याचा स्पीकर यांचा वाटा फार मोठा. दहा वॅटच्या डबीत अडीच लाखांची गिटार लावली तर डबीच ऐकू येणार. अडीचातले तीस-चाळीस हजार अ‍ॅम्पसाठी ठेवा. बॉस कटाना किंवा यामाहाचा टीएचआर फ्लॅटमध्ये पुरून उरतो, आणि हेडफोन लावता येतो हे रात्री अकराला कळतं.

स्ट्रॅटचे सिंगल कॉइल पिकअप घरातल्या वायरिंगची गुणगुण पकडतात. गिब्सनमध्ये सेठ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर काढला तो नेमका हाच त्रास घालवायला, दोन उलट्या कॉइल एकमेकींची गुणगुण मारतात. नव्या स्ट्रॅटवर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर स्विच ठेवलं तरी बहुधा तेच होतं. तुमची इमारत जुनी असेल तर आधी अर्थिंग तपासून घ्या, इलेक्ट्रिशियन पिकअपपेक्षा स्वस्त पडतो.

भारी गिटारीला आपल्याकडे ऋतूंचाही सामना करावा लागतो. मार्च-एप्रिलात हवा इतकी कोरडी होते की फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बोटाला खरवडतात. जुलै लागला की लाकूड पाणी पितं, नेक हलतो, तारा वर येतात. मग लोक म्हणतात गिटार बिघडली. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड तार जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे दाबा, आणि आठव्या फ्रेटपाशी फीलर गेज (फट मोजायची पाती) सरकवा. दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर, हवं. कमीजास्त असेल तर ट्रस रॉडला (नेकच्या आतली सळई) पाव फेरा आणि रात्रभर थांबा. आम्ही डायला, म्हणजे साच्याला, याहून बारीक हात लावायचो, तुम्हालाही जमेल. गिब्सनला नायट्रोसेल्युलोजचा मुलामा असतो, तिला रबरी स्टँडवर महिनोन्महिने ठेवू नका, डाग पडतात. लेस पॉलचा हेडस्टॉक (खुंट्यांचं डोकं) मागे कललेला असतो, पडली तर मानेशी तुटायची भीती जास्त. घरात नातवंडं धावत असतील तर हा मुद्दा वजनाइतकाच मोठा.

लाकडाच्या गप्पांत मात्र अडकू नका. ज्या फिंगरबोर्डचं 'इंडियन रोझवुड' म्हणून कौतुक चालतं ते आपलं शिसव, आजीच्या पलंगाचं. आणि मुद्दाम खरवडून जुन्या केलेल्या 'रेलिक' गिटारींना जास्त पैसे देणं मला या जन्मी जमणार नाही. ओरखडे आपण फुकट पाडू.

बघायला मुंबईला जा. नाशिकमध्ये या किमतीच्या चार गिटारी शेजारी शेजारी ठेवून वाजवायला मिळणं अवघड. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, सीएसएमटीहून धोबी तलाव चालत. तिथलं फुर्टाडोस हे वाद्यांचं दुकान १८६५ पासून आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, गर्दी नसते. स्वतःचा पट्टा, स्वतःचं प्लेक्ट्रम, आणि बिनहाताची खुर्ची मागा. आधी अ‍ॅम्प न लावता वाजवा: पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड, मग बाराव्याच्या वर एक लांब मींड. चाळीस मिनिटं. त्यानंतर जेवून या आणि पुन्हा तीच घ्या. जेवणानंतरही ती हवीहवीशी वाटली पाहिजे. ऑनलाइन कोणी अर्ध्या किमतीत 'गिब्सन' देत असेल तर ती नकली समजा, अधिकृत विक्रेत्याचं बिल आणि सिरियल नंबर जुळला पाहिजे.

माझं मत विचारलंत तर तुम्ही स्ट्रॅट घ्या. वीस वर्षं तुमच्या बोटांना ६४८ मिलिमीटरचा नकाशा पाठ आहे, बॉडी पोटाशी आणि कोपराशी कोरलेली असते, आणि साडेतीन किलोच्या आत मिळते. पण अमेरिकनच हवी हा हट्ट सोडून जपानी बनावटीची फेंडर आणि यामाहाची पॅसिफिकाही त्याच खुर्चीवर बसून वाजवा. लाखाच्या पुढे दर पन्नास हजारांमागे हाताला कळणारा फरक कमी कमी होत जातो. फ्रेटची टोकं, ट्यूनर, नट इथे फरक जाणवतो. बाकी बराचसा पैसा मजुरी, नाव आणि आयात यांत जातो. लेस पॉल स्वप्नात येतच असेल तर सिक्स्टीज नव्हे, फिफ्टीजचा नेक आधी धरून बघा, आणि काटा विसरू नका.

माझ्याकडे सध्या काय आहे हे विचाराल म्हणून सांगतो. गिब्सनने १९५८ मध्ये आणलेल्या ईएस-३३५ च्या घाटाची जपानी सेमी-हॉलो, म्हणजे अर्धी पोकळ, सेकंडहँड. बॉडी मोठी असल्याने बुटक्या माणसाचा उजवा खांदा उचलला जातो, त्यामुळे सगळ्यांना सुचवत नाही. पण ती अ‍ॅम्पशिवायही खोलीभर ऐकू येते. पहाटे बायको उठायच्या आधी चहा ठेवून अर्धा तास वाजवतो. घेतली तेव्हा तिने विचारलं होतं, "जुनीला काय झालं?" त्यावर उत्तर अजून सुचलेलं नाही, तुम्ही आधीच तयार ठेवा.

संध्याकाळच्या पंचवटीने परत याल तेव्हा गिटार हार्ड केसमध्येच आणा, वरच्या फळीवर आडवी, हेडस्टॉक वाटेकडे नको. आणि दुकानातून निघण्याआधी केसमध्ये ट्रस रॉडची अ‍ॅलन की आहे का बघा. फेंडरची बहुधा इंचात असते, घरच्या मिलिमीटरच्या संचातली बळजबरीने घातलीत तर नटाची कड जाते.