मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, फीसाठी कर्ज काढू का?

ताई, बँकेत जायच्या आधी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरा. तुम्ही ओबीसी, उत्पन्न साडेतीन लाख आणि प्रवेश कॅप फेरीतून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून), असं लिहिलंय. अशा मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलंय, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. मॅनेजमेंट कोट्याला मात्र हे लागू नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आजच टाका. मुलीच्या नावाचं खातं आधारशी जोडलंय का, हे पासबुक घेऊन काउंटरवर स्वतः विचारा. माझ्या भाचीचा अर्ज मंजूर होता, तरी एवढ्याच कारणाने पैसे सात महिने अडकले; वहिनींनी तेव्हा बांगड्या गहाण ठेवल्या. आणि अर्ज दरवर्षी पुन्हा भरावा लागतो, दुसऱ्या वर्षी हमखास राहून जातो.

उरला हॉस्टेल-मेसचा खर्च. तेवढ्यापुरतंच कर्ज घ्या, विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवरून. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. हप्ते साधारण शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तसं ते दर महिन्याला भरत राहा, पुढे मुलीच्या पगारावर ओझं कमी येईल.