मांजराच्या तोंडून सुटलेला सरडा: आधी ऊब, मग पाणी, खाणं सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मांजराच्या तोंडून सोडवलेला सरडा, बरगड्यांपाशी दातांच्या दोन बारीक खुणा, मागचा एक पाय ओढतोय, दोन दिवस पोटात काही नाही, बुटांच्या खोक्यात कापसावर ठेवलाय, आणि आता तोंड उघडून भरवावं का असं तुम्ही विचारताय. भरवू नका. आज तर नकोच. तुमचा जीव त्या पायात अडकलाय हे कळतं, पण मला खरी धास्ती वाटते ती त्या दोन बारीक खुणांची.

मांजराचे सुळे सुईसारखे असतात. वरून टोचल्याएवढंच दिसतं, पण दात खोलवर गेलेला असतो आणि लाळेतले जंतू थेट आत सोडून आलेला असतो. वरचं भोक लगेच मिटतं आणि घाण आत कोंडते. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहून जात नाही, त्याचा घट्ट गोळा बनतो. म्हणून मांजर चावलं असेल तर अँटिबायोटिक लागणारच, असं मी धरूनच चालते, मग जखम कितीही किरकोळ दिसो. तीन-चार दिवस ठणठणीत दिसणारा सरडा पाचव्या दिवशी गेलेला मी पाहिला आहे. तुमचे दोन दिवस तसेही गेलेत, तेव्हा आजच फोन करा. वन्यजीव बचाव केंद्र जवळ असेल तर सर्वांत उत्तम, कारण जंगली प्राणी परवानगीशिवाय घरी ठेवणं बऱ्याच ठिकाणी कायद्यात बसत नाही. ते नसेल तर पशुवैद्याला पहिला प्रश्न हाच विचारा, ‘सरपटणारे प्राणी बघता का?’ सगळे बघत नाहीत. जाण्याआधी त्याला झाकणाच्या हलक्या डब्यात ठेवून ग्रॅमच्या काट्यावर वजन करा, नंतर डब्याचं वजन वजा करा. औषधाची मात्रा त्यावरच ठरते. काही इंजेक्शनं तीन दिवसांतून एकदाच देतात, कारण यांच्या शरीरात औषध फार हळू खर्च होतं. माणसांची अँटिबायोटिक, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यातलं काही अंदाजाने देऊ नका.

डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत आणि तिथून आल्यावरही, तुमच्या हातातलं सर्वांत मोठं औषध म्हणजे ऊब. सरड्याला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. त्याचं पचन, जखम भरणं, जंतूंशी लढणं, औषध लागू पडणं, सगळं बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. १९७५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात वाळवंटी इग्वानांना जंतू टोचून वेगवेगळ्या तापमानांना ठेवलं. जास्त ऊब मिळालेले बरेचसे जगले, कमी ऊब मिळालेले बहुतेक मेले. आजारी सरडा मोकळा असेल तर आपण होऊन जास्त उन्हात जाऊन बसतो, म्हणजे एका अर्थाने स्वतःला ताप आणतो. तुमच्या खोक्यात त्याला ती सोय नाही, ती करून द्या. खोक्याच्या अर्ध्या भागाखाली हिटिंग पॅड मंद ठेवा, किंवा गरम पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून एका कडेला ठेवा. ती निवली की बदलायची. दिवसा फिरणाऱ्या सरड्याला उबदार बाजू साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस आणि दुसरी बाजू २५-२६ अंश हवी. हाताने अंदाज घेऊ नका, थर्मामीटर ठेवा. दुसरी बाजू गार असणं तितकंच गरजेचं आहे, कारण तापल्यावर बाजूला सरकता आलं नाही तर तो भाजून निघेल. आणि काचेच्या पेटीत घालून उन्हात कधीही ठेवू नका. काही मिनिटांत जीव जातो.

तो कापूस आत्ता काढा. त्याचे तंतू नखांत आणि बोटांत अडकतात. माझ्याकडे आलेल्या एका सरड्याच्या मागच्या बोटाला असाच एक तंतू तीन वेढे घेऊन आवळला होता, बोट पुढे काळं पडलं होतं. भिंग धरून बारीक कात्रीने तो कापायला मला अर्धा तास लागला, आणि बोट वाचलं नाहीच. कापसाऐवजी साधा टिश्यू पेपर अंथरा. त्यावर विष्ठा, रक्त, पाणी लगेच दिसतं आणि रोज बदलता येतो. लपायला एक उलटा पुठ्ठ्याचा तुकडा द्या आणि खोक्यावर बारीक जाळी बांधा. जाळी माश्यांसाठी आहे. उघड्या जखमेवर माशी बसली की पांढरट बारीक अंडी चिकटवून जाते आणि दिवसाभरात अळ्या होतात. रोज सकाळी जखमेची कड आणि पायांच्या काखा नीट बघा.

जखम सलाइनने धुवा. पोव्हिडोन आयोडिन वापरणार असाल तर पाण्यात इतकं पातळ करा की रंग फिक्या चहासारखा दिसेल. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट नको, ते चांगली कातडीही जाळतं. बधिर करणारं औषध मिसळलेली मलमं तर मुळीच नकोत. बाकी काही लेप लावू नका, डॉक्टरला जखम दिसली पाहिजे.

आता पाणी. ड्रॉपरने तोंडात सोडताय असं लिहिलंयत, ते थांबवा. यांच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशी, अगदी पुढे असतं. जबरदस्तीने घातलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. बागेतले सरडे वाटीतलं पाणी सहसा ओळखतही नाहीत, ते पानावरचं दव चाटतात. म्हणून कोमट पाण्याचा एक थेंब नाकपुड्या चुकवून ओठांच्या कडेला टेकवायचा आणि थांबायचं. बराच वेळ काही होत नाही. मग घशाखालची कातडी एकदा हलते, जाड गुलाबी जीभ बाहेर येऊन थेंब पुसून नेते, आणि पुढचा थेंब तो स्वतः मागितल्यासारखा चाटतो. पहिल्या दिवशी असे आठ-दहा थेंब गेले तरी मी समाधानी असते. नाहीच चाटला तर उबदार बाजूला बसवून कोपऱ्यात पाण्याचा फवारा मारा, अंगावर नको. विष्ठेबरोबरचा पांढरा भाग मऊ असेल तर पाणी पुरतंय. तो पिवळा आणि खड्यासारखा झाला असेल तर अंगात पाणी कमी आहे. मग डॉक्टर कातडीखाली द्रव देतील.

खाण्याची पाळी त्यानंतर. थंड आणि कोरड्या पडलेल्या शरीरात अन्न पचत नाही, ते आत कुजतं. धडधाकट मोठा सरडा काही दिवस न खाता सहज काढतो, तेव्हा दोन दिवसांच्या उपासाने घाबरून जाऊ नका. अंगात ऊब आली, डोळे टक्क उघडे दिसू लागले, डोकं वर धरायला लागला की एक छोटा जिवंत किडा समोर सोडा. रातकिडा किंवा नाकतोडा, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. खाल्ला नाही तर रात्री खोक्यात राहू देऊ नका, रातकिडे दुबळ्या सरड्यालाच कुरतडतात. काजवा मात्र कधीही नाही, त्यातलं विष काही सरड्यांना एका काजव्यातच मारतं. दूध, भात, पाव हे त्याचं अन्नच नव्हे.

पायाचं बोलू. बोट अलगद दाबल्यावर पाय मागे ओढून घेतो का ते बघा. ओढला तर नस शाबूत आहे आणि बहुधा मुरगळणं किंवा मोड आहे. काडी बांधून स्वतः पट्टी करू नका. चढायला फांदी न देता सपाट, लहान जागेत ठेवलं तर ते पुष्कळदा आपोआप जुळून येतं, फक्त आठवडे लागतात. दोन्ही मागचे पाय निर्जीव असतील आणि शेपटीच्या बुडाशी विष्ठा चिकटून राहत असेल, तर पाठीच्या कण्याला मार असण्याची शक्यता आहे. तिथे डॉक्टरच ठरवतील, आणि कधीकधी ते शांतपणे कायमचं झोपवण्याचा सल्ला देतील. तो सल्ला ऐकायला फार जड जातं. पण त्यासाठी घरी फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात मानू नका.

पोटाशी दोन्ही बाजूंना फुगवटे दिसले तर मादी असू शकते, अंड्यांनी भरलेली. माती उकरायला जमिनीवर आलेल्या माद्या मांजरांना अलगद सापडतात. डॉक्टरना हे जरूर सांगा.

तुम्ही लिहिलंयत की हातात घेतलं की तो डोळे मिटून शांत पडतो, म्हणजे त्याला आवडतं. मला हे सांगताना वाईट वाटतं, पण ती भीती आहे. रानातल्या सरड्याला आपला हात शिकाऱ्याचाच वाटतो, आणि सुटता येत नाही तेव्हा तो डोळे मिटून निपचित होतो. शिवाय त्यांना आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा (श्वासपटल) नसतो, बरगड्या हलवूनच श्वास घेतात, त्यामुळे छातीला मूठ आवळली की श्वास कोंडतो. औषध-पाण्यापुरतं, तळहातावर पोट टेकवून धरा, नंतर खोकं झाकून अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. दर तासाला उघडून बघायचा मोह आवरा. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे, पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

आणि एखाद्या सकाळी तो गार, कडक, हलत नाही असा दिसला तर लगेच पुरू नका. उबदार बाजूला ठेवून वाट बघा. थंडीने गारठलेला सरडा मेल्यासारखाच दिसतो.

बरा होतोय हे आधी रंगावरून कळतं. काळपट, मळकट अंग सकाळच्या उबेत फिकं होत जातं, मग तो तुमची सावली पडली की पळायला बघतो, तोंड वासून दाखवतो. तो राग बघून मला दर वेळी बरं वाटतं. चारही पायांवर धावतो, स्वतः किडा पकडतो, औषध पूर्ण झालं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की जिथे सापडला त्याच्या आसपासच, उन्हाच्या सकाळी सोडा. संध्याकाळी नको, रात्रीआधी त्याला अंग तापवायला आणि जागा शोधायला वेळ मिळत नाही. मांजर त्या दिवशी घरात बंद ठेवा.

आज आधी कापूस काढून ऊब द्या, मग फोन, मग वजन. किती ग्रॅम भरलं आणि बोट दाबल्यावर पाय ओढला का, ते कळवा.