मुंडकार म्हणजे भाडेकरू नव्हे

कोल्हापूरहून लग्न होऊन डिचोलीत आलेल्या एका ताईंनी विचारले आहे: 'सासरच्या जुन्या कागदांत सासऱ्यांचा उल्लेख मुंडकार असा आहे. आमच्याकडे ज्याला कूळ म्हणतात त्यालाच गोव्यात मुंडकार म्हणतात का? मामलेदार कचेरीत मराठीतून अर्ज करायचा आहे. तिथे सरळ भाडेकरू लिहिले तर चालेल का?'

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात पैशाचे नाही पण छपराचे नुकसान आहे. ताई, भाडेकरू लिहू नका. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्यात मुंडकार कोण हे सांगितले आहे, तसेच कोण नाही याचीही यादी दिली आहे, आणि त्या यादीत पहिलाच येतो तो घराचे भाडे भरणारा. भाटकाराच्या, म्हणजे जमिनीच्या मालकाच्या, संमतीने त्याच्या जमिनीतल्या घरात कायमची वस्ती करून राहणारा तो मुंडकार. चाकरीचे बंधन असो वा नसो. पगारी घरगडी, चौकीदार, मालकाच्या माघारी घर सांभाळायला ठेवलेला माणूस, हेही यातून वगळले आहेत. दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्याला शहरी मराठीत आपण पटकन भाडेकरू म्हणतो. इथे त्या एका शब्दाने समोरच्या वकिलाचे काम सोपे होईल.

आता कूळ. देशावर तुम्ही हा शब्द कूळकायद्यामुळे ऐकलेला असणार. खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसतो तो कूळ. पण शब्दाचा संसार त्याहून मोठा आहे. सावकाराच्या वहीतला ऋणको हाही त्याचे कूळच, आणि लग्न जुळवताना कूळ पाहतात ते आणखी वेगळे. गोव्यात तर कोकणीतला कुळार शेजारीच उभा आहे, त्याचा अर्थ माहेर. तेव्हा कोणी 'कुळाराक वता' म्हणाले तर जमिनीचा खटला समजू नका.

कूळ आणि मुंडकार एकच असावेत असे वाटण्याला कारण आहे. गोव्यात हे शब्द बहुतेक वेळा जोडीनेच येतात: कूळ-मुंडकारांचे प्रश्न, कूळ-मुंडकार कायदे, निवडणूक आली की कूळ-मुंडकारांना न्याय. मराठीत बाजारहाट, कामधंदा, झाडझुडूप असे सारख्या अर्थाचे जोडशब्द पुष्कळ आहेत. त्यामुळे नव्या कानाला हाही त्यातलाच वाटतो. पण ही जोडी आईबाप या जातीची आहे, दोन वेगळ्या नात्यांची. 'कसेल त्याची जमीन, राहील त्याचे घर' या घोषणेचे दोन तुकडे करा: पहिला कुळाचा, दुसरा मुंडकाराचा. कूळ शेताशी बांधलेले असते, मुंडकार उंबरठ्याशी.

ही जोडी एवढी घट्ट का झाली, याचे उत्तर मला तारखांत दिसते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात १९६४ चा कूळ कायदा झाला, पण त्याने कुळाला संरक्षण दिले, मालकी नव्हे. मालकी आली ती त्यांच्यानंतरच्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत, पाचव्या दुरुस्तीने. २० एप्रिल १९७६ या दिवसापासून कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले. (तुमच्याकडचा कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते.) आणि मुंडकार कायदा लागू झाला १२ मार्च १९७६ ला. सहा आठवड्यांच्या आत शेत आणि घर दोन्ही प्रश्न एकदम पटलावर आले. बहुजन समाजाच्या राजकारणात ते पुढे एका दमातच उच्चारले गेले, यात नवल नाही.

शिवाय माणूस बहुधा एकच असे. भाटकाराच्या माडांच्या बागेत खोप घालून राहायचे, माड राखायचे, नारळ पाडायच्या दिवशी हजर व्हायचे, भाटकाराकडे लग्न निघाले की घरातल्या बायकांसह राबायचे, आणि त्याचीच पाणथळीची चार शेते खंडाने करायची. मातीची भिंत पावसाने कोसळली तरी दगड रचायला परवानगी हवी. मत कोणाला द्यायचे इथपर्यंत हा धाक पोचत असे. एकाच घरात राहणारा हा माणूस कायद्याच्या लेखी मात्र दोन आहे. शेतासाठी तो कूळ. त्याचे नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर (तुमच्याकडचा सातबारा) कुळाच्या रकान्यात लागते. घरासाठी तो मुंडकार. त्याची नोंद मामलेदाराकडच्या मुंडकारांच्या नोंदवहीत होते. एक सिद्ध झाले म्हणून दुसरे आपोआप होत नाही. मुंडकाराला ठरलेली किंमत देऊन घर आणि भोवतालची जागा विकत घेता येते, पंचायत भागात साधारण ३०० चौरस मीटर, पालिकेत २००. आख्खी बाग त्याची होत नाही. सासऱ्यांच्या कागदांत शेतही असेल तर तो अर्ज निराळा करावा लागेल.

भाटकार हा शब्द तुम्ही विचारलेला नाही, पण अर्जात लागेलच. भाट म्हणजे माडांची बाग. स्तुती गाणाऱ्या भाटाशी त्याचा संबंध नाही. त्याच्या जागी जमीनदार लिहिण्याचा मोह होतो, तोही टाळा. जमीनदार म्हटले की शेकडो एकर डोळ्यांपुढे येतात. कायद्यातला भाटकार म्हणजे ज्याच्या जमिनीत मुंडकाराचे घर आहे तो, मग त्याच्याकडे दहा माड असोत की अर्धा गाव. देवस्थान भाटकार असू शकते, कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था, हीही असू शकते. बोलण्यात 'व्हडलो (मोठा) भाटकार!' हा टोमणा ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही त्यालाही मारतात, ती गोष्ट वेगळी.

मुंडके, मुंडन यांच्याशी मुंडकाराचे नाते जोडणाऱ्या गोष्टी गावोगाव सांगतात. नुसत्या उच्चारसाम्यावर उभ्या असलेल्या व्युत्पत्तीला मी किंमत देत नाही.

लेखनाचे एक सांगायचे राहिले. गावकार, भाटकार, मुंडकार यांत 'का' दीर्घ आहे. तो दर्जा किंवा नाते सांगतो. भाटकर, गावकर ही आडनावे. 'भाटकर यांच्या जमिनीत' असे लिहिलेत तर कारकून भाटकर आडनावाचा मालक शोधत बसेल. आणि कूळ एकटे असताना दीर्घ, विभक्ती लागली की ऱ्हस्व: कुळाचे, कुळांना. मुंडकाराचे असे काही होत नाही.